नलूताईंचा कोपरा

नलूताईंच्या जाण्याने आमच्या चौकात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली. शोकसभेत बहुतेक वक्त्यांनी हे वाक्य म्हटलं, आणि अशा सभांमधल्या वाक्यांच्या नशिबी क्वचितच येतं तसं ते शब्दशः खरं होतं. आमची गल्ली जिथे उताराच्या रस्त्याला मिळते, त्या कोपऱ्यावर लोखंडी अँगलचा एक सांगाडा उभा आहे. त्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स मंडळाच्या पोरांनी नलूताईंबद्दलच्या आदरापोटी उतरवला, आणि एका खोलीची अख्खी भिंत काढून टाकावी एवढी जागा तिथे एकदम रिकामी झाली. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की उतार वरपर्यंत दिसायला लागला. मेडिकलचं दुकान दिसलं, त्यापलीकडचं कडुनिंबाचं झाड दिसलं, आणि मुख्य म्हणजे येणाऱ्या गाड्या दिसल्या. लोक थांबून म्हणत, ‘चौक मोठा वाटून राह्यला नाई?’ ही पोकळी शोकसभेनंतर दोन-तीन दिवसांत भरून आली.

बातमी कळली तेव्हा मी अकोल्याला लेकीकडे होतो. जेवणाच्या ताटावर सिंधूवहिनींचा फोन आला. सिंधूवहिनी म्हणजे नलूताईंच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ माझा मित्र होता. तो गेल्यापासून नणंद-भावजय दोघीच त्या घरात राहत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ताईले गाडीनं उडवलं. कोपऱ्यावर.” कोणत्या कोपऱ्यावर, हे मला विचारावं लागलं नाही. अमरावतीला परत येताना गाडीत बसून मी त्या वेळी तिथे कोणाचा फ्लेक्स होता हे आठवत होतो… माणूस अशा वेळी काय आठवत बसतो, हे सांगण्यासारखं नसतं.

नलूताई जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवत. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्याला त्या म्हणत, “दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घ्यायची सवय लागली, मंग हिंमतच नाई झाली.” कोर्टात त्यांची मराठी अशी, की पुण्याहून आलेल्या न्यायाधीशाने मान डोलवावी, आणि कोर्टाचं फाटक ओलांडलं की वऱ्हाडी. प्रॅक्टिस थांबवल्यावर त्यांनी एकच दावा चालवला, आणि तो चौकात चालवला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की गल्लीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला उतारावरून येणारी गाडी दिसली पाहिजे. फ्लेक्स असला की ती दिसत नाही. गाडी पाहायची तर एक पाऊल रस्त्यावर टाकावं लागतं, आणि पाऊल टाकलं की गाडी आलेलीच असते. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळेच बहुधा ते कोणी ऐकलं नाही.

त्यांनी यावर आपल्यापुरता एक उपाय काढला होता. कोपऱ्यावर आल्या की फ्लेक्सच्या कडेआडून त्या आधी काळी छत्री पुढे काढत, उन्हाळा असो की हिवाळा. छत्री थोडी हलवत, थांबत, मग स्वतः निघत. उतारावरून येणाऱ्यांना आधी एका आमदाराच्या कानाजवळून छत्री उगवलेली दिसे आणि नंतर नलूताई. पोरं हसत. मीही हसलो आहे. एकदा त्यांनी मंडळाच्या अध्यक्षाला, म्हणजे पिंटूला, तिथेच गाठलं.

“पिंटू, हे काय लावलं?”

“ताई, आमदार भाऊचा वाढदिवस.”

“मागच्या महिन्यात झाला नं? भाऊ वर्षातून किती डाव जलमते रे?”

“तो भाऊचा होता ताई. हा त्याइच्या पीएचा हाय.”

नलूताई म्हणाल्या, “बरं. ड्रायव्हरचा कवा हाय ते सांगून ठेव, मी तवा अकोल्याले जातो.” पिंटू मनापासून हसला. तो चांगला मुलगा आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. रक्त लागलं तर पहिला तोच धावतो. एकदा मात्र नलूताईंनी एका नव्या अधिकाऱ्याला कोपऱ्यावर आणून उभं केलं. तो सज्जन निघाला. त्याने उभ्या उभ्या फ्लेक्स काढायला लावला. चौकात टाळ्या वाजल्या. आठवड्याभरात त्याच सांगाड्यावर त्या अधिकाऱ्याच्या धडाडीबद्दल आभार मानणारा फ्लेक्स लागला, आणि तो आधीच्यापेक्षा मोठा होता.

त्याचा मजकूर माझा होता. आमच्या वस्तीत कॉलेजात शिकवलेला माणूस म्हणजे मी, त्यामुळे लग्नपत्रिका, मानपत्रं, सत्काराची भाषणं, देणगीचं आवाहन, सगळं माझ्याकडे येतं. ‘सर, जरासं पाहून द्या’ म्हणून पोरं कागद पुढे करतात आणि मी चष्मा लावतो. अशा मजकुरांची मी आयुष्यभर टिंगल केली, आणि ते नीट झाले पाहिजेत म्हणून आयुष्यभर लिहिलेही. नलूताईंनी तो आभाराचा फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि मला म्हणाल्या, “सर, तुमी लिवता मोठं चांगलं. जरा कमी लिवत जा, म्हणजे फ्लेक्स लहान होईन.” मी ते कौतुक म्हणून घेतलं.

अपघाताच्या दिवशी त्यांनी छत्री पुढे काढली होती. मोटरसायकलवरचा मुलगा वस्तीच्या वरच्या अंगाचाच, नुकतं लग्न झालेला. त्याला छत्री दिसली, पण फ्लेक्सचं टोक सुटून वाऱ्यावर हलत असेल असं त्याला वाटलं. तो पळाला नाही. त्यानेच त्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात बाकावर डोकं धरून बसून राहिला. मी पोचलो तेव्हा नलूताई शुद्धीवर होत्या, आवाज मात्र खोल गेला होता. मी काहीतरी नेहमीचं बोललो, बरं वाटेल वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, “त्या पोराले काई करू नका. त्याले नाई दिसलं. मले बी नाई दिसलं.” मी उठणार तेवढ्यात म्हणाल्या, “तेवढं कोपऱ्याचं पाहाजा, सर.” मी म्हणालो, पाहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

शोकसभा मंडळाच्या सभागृहात झाली. गर्दी चांगली होती. काहीतरी केलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडे या मुद्द्यावर नेहमीच एकमत होतं. गतिरोधकाची सूचना आली, ती मणक्याचे विकार असलेल्यांनी खोडून काढली. आरशाची सूचना आली, तो चोरीला जाईल असं ठरलं. कोपऱ्यावरचा सांगाडा काढावा ही सूचना माझी असायला हवी होती. बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी नलूताईंच्या विनोदबुद्धीबद्दल बोललो. लोक हसले, थोडे रडलेही. मी खाली बसलो तेव्हा पिंटू कानाशी येऊन म्हणाला, “सर, ताईचा मोठा फ्लेक्स लावतो चौकात. आपल्याकून श्रद्धांजली. मजकूर तुमीच द्या, दुसऱ्याचा नाई जमत.”

मी त्या रात्री तो मजकूर लिहिला. नेहमीची विशेषणं सगळी काढली. ‘भावपूर्ण’ काढलं, ‘लाडक्या’ काढलं. दोनच ओळी ठेवल्या, आणि त्या चांगल्या होत्या. खाली शोकाकुल म्हणून कोणाचे फोटो येणार याच्याशी माझा संबंध नाही असं मी पिंटूला बजावलं, आणि तत्त्वाचं काहीतरी पाळल्यासारखं मला वाटलं. फ्लेक्स लागल्यावर मी पाहायला गेलो. अक्षरं सुटसुटीत आली होती. फोटो त्यांचा तरुणपणचा, काळ्या कोटातला. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं, बाजूने पाहिलं, छपाईचा रंग थोडा गडद झाला असं पिंटूला म्हणालो. मजकूर पाहिला, फोटो पाहिला, रंग पाहिला. जागा पाहिली नाही. ज्या कोपऱ्यावर समोरचं दिसत नाही म्हणून ती बाई गेली, तो कोपरा आम्ही तिच्याच चेहऱ्याने झाकला होता, आणि त्यासमोर उभा राहून मी रंगाबद्दल बोलत होतो.

हे मला कळलं ते रऊफभाईंमुळे. चौकात त्यांचं कुलर आणि कपाटं बनवायचं दुकान आहे. दुपारी नमाजहून परत येताना ते गल्लीच्या तोंडाशी आले, एक पाऊल पुढे टाकलं, आणि उतारावरच्या स्कूटीने त्यांना सांगाड्यावर नेऊन आदळलं. जिवावरचं खांद्यावर निभावलं. मी भेटायला गेलो तर हात गळ्यात बांधून दुकानातच बसले होते, पत्रा कापणाऱ्या माणसाला शिव्या देत.

“आओ सर, बसा. चाय बोल रे.”

“कसं काय झालं, रऊफभाई?”

“काय सांगू. ताईच्या फोटोले मी रोज सलाम करतो. त्या दिवशी बी केला. ताईच्या मांगं कोण येऊन राह्यलं ते काई दिसलं नाई.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बुरा मत मानना सर, पर ताई असत्या तं त्याइनं हा फ्लेक्स फाडला असता.”

चहा मी प्यायलो. तो नाकारण्याचाही हक्क आपल्याला नाही असं वाटलं. तिथून तडक पिंटूकडे गेलो. पिंटूला वाईट वाटलं, पण त्याची अडचण खरी होती. वाढदिवसाचा फ्लेक्स कोणीही काढावा, पण गेलेल्या माणसाचा कसा काढायचा? लोक काय म्हणतील? मासिक श्राद्ध तरी होऊ द्या, म्हणाला. शिवाय खाली भाऊचा फोटो आहे, त्यांना विचारावं लागेल, आणि भाऊ मुंबईला आहेत. मी म्हणालो, बरं. मला आता सांगताना लाज वाटते, पण मी ‘बरं’ म्हणालो आणि घरी आलो.

सिंधूवहिनींनी कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या घरातलं स्टूल आणि भाजी चिरायची सुरी घेऊन कोपऱ्यावर गेल्या. मी गच्चीवरून पाहिलं आणि चपला घालून धावलो. तोवर त्या स्टुलावर चढल्या होत्या आणि दोऱ्या कापत होत्या. दुकानांतून माणसं पायरीवर आली. कोणी अडवलं नाही, कोणी मदतही केली नाही. मी स्टूल धरलं. त्या सगळ्या काळात माझ्या हातून झालेली ही एकमेव उपयोगी गोष्ट. पिंटू धावत आला.

“काकू, हे काय करून राह्यल्या?”

वहिनींनी खाली पाहिलंही नाही. “नणंद हाय माही. घरी घेऊन जातो तिले. भरउन्हात उभी करून ठेवली तुमी.”

शेवटची दोरी पिंटूनेच सोडली. फ्लेक्सची गुंडाळी आम्ही तिघांनी खांद्यावर घेऊन गल्लीतून नेली, तेव्हा ओट्यावर बसलेले लोक सवयीने उठून उभे राहिले.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. फ्लेक्स कुठे ठेवावा हा प्रश्न त्यांनाही पडला होता. एवढा मोठा चेहरा भिंतीवर लावता येत नाही, आणि टाकून तर देता येतच नाही. मागच्या गॅलरीत पावसाळ्यासाठी आवरून ठेवलेला कुलर आहे, उन्हाळाभर नलूताई त्याच्यासमोर पाय पसरून पेपर वाचत. वहिनींनी फ्लेक्सची घडी करून तो त्यावर घातला आहे, छापलेली बाजू आत. बाहेरून नुसता पांढरा दिसतो. “आतून पायतात नं त्या,” वहिनी म्हणाल्या, “पाणी लागते का नाई ते.” आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

तिथून निघालो तर जिन्यापाशी पिंटू वाट पाहत उभा. गणपती जवळ आले आहेत, सांगाडा रिकामा आहे, भाविकांच्या स्वागताचा मजकूर हवा. मी त्याला सांगितलं, की यापुढे त्या कोपऱ्यासाठी मी एक अक्षर लिहिणार नाही. आवाज जरा चढला होता माझा. बोलून झाल्यावर, किती तरी दिवसांनी, छाती हलकी झाल्यासारखी वाटली. पिंटूने शांतपणे ऐकून घेतलं. “चालते नं सर, टेन्शन नका घेऊ,” म्हणाला, “मागच्या वर्षीचा हाय माह्या मोबाइलमधी.”

काल तो लागला. साल तेवढं बदललं आहे. बाकी मजकूर माझाच आहे.