मायची साक्ष

एकोणीसशे सत्तर उलटून तीन-चार वर्षं झाली होती. शेलूबाजारपासून दोन कोसांवरच्या एका गावच्या दवाखान्यात मी नर्स होते. सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी स्टोव्ह पेटवला, एका बाईचं बाळ वजनाला घेतलं आणि तिच्याशी बोलत अंगणात गेले. परत आले तर पाणी आटून सिरिंजा तडकलेल्या, खिडकीचा पडदा पेटलेला. महिन्याभरात स्टोव्ह विसरण्याची ही तिसरी वेळ. आमचे डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. अकोल्याला मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा, लहानपणापासून ओळखणारं माणूस सोबत न्या, एवढंच म्हणाले.

आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली. वेडी ठरले तर नोकरी जाईल, वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील, हा विचार एसटीत सुटत नव्हता. सोबत आलेल्या मायला डोकं दुखतं इतकंच सांगितलं होतं.

अकोल्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गळा चाचपला, डोळ्यांत उजेड टाकला. झटके येतात का, आवाज ऐकू येतात का, झोप लागते का, विचारलं. मी नाही-हो म्हणत होते. आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटेल, अशी धास्ती होती. मग हे विसरणं आत्ता सुरू झालं की आधीपासून, असं त्यांनी मायला विचारलं. आपण कशाला आलो ते तिला तेव्हा कळलं.

"लहानपणापासून अशीच हाये," ती म्हणाली. "पाण्याले धाडलं तं घागर हिरीवरच ठेवून ये. मास्तर म्हने, पोरगी हुशार हाये, पन ध्यान नाही."

संपलं, असं वाटून मी तिचा पदर ओढला.

डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. "अचानक सुरू झालं असतं तर मला काळजी वाटली असती," ते म्हणाले. मुलांत असं पुष्कळ दिसतं, मोठ्यांत कोणी बघत नाही; याला माझ्याकडे नीट नाव नाही, पण हे वेड नव्हे, असंही त्यांनी सांगितलं.

माझा विश्वास बसेना. त्यांनी दिलेलं बंद पाकीट घरी येईपर्यंत मुठीत घामेजलं. आमच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि मला लसीकरणाच्या फिरतीवर घातलं. चालताना मन जाग्यावर राहायचं. नोकरी टिकली. तरी कोणी नुसती हाक मारली की आता काय विसरले, हेच आधी मनात येई; पुढे कित्येक वर्षं.

माय कुणाजवळ काही बोलली नाही. मला एकदाच म्हणाली, "मले आंधीच सांगतलं असतं, तं तू एकटी भेत बसली नसती."