दुकान सापडू लागलं तेव्हा

नवरा गेल्यावर ताई धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाचं वेताच्या खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि तो दिवसभर तिथे माश्या मारत बसलेला असे. दुकानाची वेबसाइट होती, पण ती कुणाला सापडली तर शपथ. ताईने ती अंगावर घेतली.

एकदा एका बाईंचा फोन आला. त्यांना दिसत नव्हतं. त्या कॉम्प्युटरकडून पान वाचून घेत.

"अहो, तुमच्या सगळ्या लिंका ऐकल्या मी. 'इथे क्लिक करा', परत 'इथे क्लिक करा'. कुठे नेताय मला, ते तरी सांगा!"

ताई ओशाळली. त्याच दुपारी तिने एकेक लिंक बदलायला घेतली. 'फाटलेली वेताची बैठक नव्याने विणून मिळेल', 'झुलत्या खुर्चीच्या दुरुस्तीचे दर', असं स्वच्छ लिहिलं. शोधणारी माणसंही नेमके हेच शब्द टाकतात, त्यामुळे हळूहळू शोधात दुकान वर येऊ लागलं. फोन थांबेनात.

"माझ्या हाताला गुण आहे," भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

"अहो, ताईंनी पण केलंय की," भावजय एकदा म्हणाली.

"चार शब्द तर लिहिले. त्यात काय एवढं!"

ताई समोरच भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

खुर्च्या आधी जिन्यात साठल्या, मग व्हरांड्यात. एका सकाळी त्या ताईच्या पलंगाला येऊन टेकल्या. भाऊ चौकटीचा रंग नखाने खरवडत दारात उभा राहिला.

"ताई, मालाला जागाच उरली नाही गं. तू बाहेरच्या खोलीत झोपशील?"

"आणि माझं कपाट?"

"बघू ना काहीतरी."

भावजय आत नळ सोडून भांडी घासत राहिली.

त्याने काही बघायच्या आत ताईने भाड्याची खोली बघितली. आता ती एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम करते. पगार येतो, पोट भरतं, रविवारी मात्र दिवस खायला उठतो.

पुढे भावाने दुसरं दुकान काढलं. उद्घाटनाचा निरोप सगळ्या ओळखीच्या नंबरांना एकदमच गेला, तसा ताईलाही आला. त्याची सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी होती.

तिला वाटलं, आता रडू येईल. आली ती नुसती चीड, आणि तीही जास्त स्वतःचीच, त्या दिवशी भाजी चिरताना मान वर केली नाही याची.