पेशींना धाडलेले निरोप

किस्से गोळा करायला लोक कुठे कुठे हिंडतात. सदर बाजारातल्या आमच्या दवाखान्यात ते आपल्या पायांनी येतात, बहुतेक लंगडतच! मधुमेहामुळे न भरणाऱ्या जखमा हे आमचं काम. रुग्णाचंच रक्त मशीनमध्ये गरगर फिरवायचं आणि त्यातला पिवळसर थर जखमेवर लावायचा. त्यात ग्रोथ फॅक्टर असतात, पेशींना ‘वाढा, जखम भरा’ असा निरोप देणारी प्रथिनं.

मानिक चौकातल्या कापडवाल्या गुप्ताजींना मी हे रंगवून सांगितलं.

“प्रोटीन? हम तो रोज़ पनीर खाते हैं!”

“ये खाने का नहीं, मैसेज पहुँचाने का है.”

पुढच्या खेपेला पट्टी सुटायच्या आधीच विचारतात, “मैडम, ब्लू टिक आया?”

आला होता! कडेने गुलाबी कातडी धरत होती. मी आनंदाने ओरडलेच. गुप्ताजी दचकून उठून बसले. “मैडम, आप खुश हैं या डर गईं?”

एका वकीलसाहेबांचं रक्त घेताना त्यांच्या बायकोने आमच्या रजनी सिस्टरचा हातच धरला. “इनका मत लो, बहुत गरम है. मेरा ले लो!” रक्त रुग्णाचंच लागतं म्हटल्यावर बाई हताश. “फिर तो घाव भी बहस करेगा!”

माझी आई सगळ्यांना सांगत सुटते, “आमची शुभा रक्त घुसळते आणि लोणी निघेल ते लावते!” इतकं सोपं मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आपटेकाका! रेल्वेचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. टाचेची जखम इतकी खोल, की दुसऱ्या दवाखान्यात पाय कापायचं ठरलं होतं. मला म्हणाले, “बेटा, जायचा तर जाईल. पण आधी एकदा झगडून बघू!”

जखम साफ केली, साखर आवरली, मग रक्ताचा थर. कित्येक आठवडे काहीच नाही. आणि एके सकाळी तळातून लालबुंद, दाणेदार मांस वर आलेलं! रजनी सिस्टरनी मोबाईलवर फोटो काढून दाखवला. काकांनी विचारलं, “हा माझाच पाय ना?”

टाच पुरती भरली, तेव्हा मी बजावलं, “मऊ चप्पल घाला, थोडंच चाला.” त्यांचं घर मागच्याच गल्लीत. बाहेर काकू ऑटोत बसून होत्या. काका ऑटोला वळसा घालून सरळ पुढे!

“अहो, ऑटो इथे आहे!”

“तू ये बसून. मी चालतोय!”

काकू पदर खोचून खाली उतरल्या आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, “भैया, आप जाइए. हमारी गाड़ी छूट रही है!”