‘वाहन’ या शब्दाची व्याख्या

सार्वजनिक उद्यानांच्या नियमांची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मला सिल्वासात सरकारी नोकरीला सतरा वर्षं झाली होती. काम तांत्रिक दुरुस्त्यांचं होतं. दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले होते. त्यामुळे जुनं नाव काढून नवं घालायचं, रद्द झालेल्या कायद्यांचे उल्लेख बदलायचे, कलमांचे क्रमांक जुळवायचे.

“अर्थाला हात लावू नका,” साहेबांनी बजावलं.

त्याच रविवारी, मी राहते त्या आमली भागातली माझी शेजारीण नवऱ्याला बागेत घेऊन निघाली. मीही सोबत गेले. ती धुळ्याकडची. नवरा राखोलीला कारखान्यात होता. अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले आणि तेव्हापासून तो घराबाहेरच पडला नव्हता. त्या दिवशी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो व्हीलचेअरवर बसला होता.

फाटकावरच्या वॉचमनने हात आडवा धरला. “बेन, गाडी अंदर नहीं जाएगी. नियम है.”

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी माणूस, काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. पण वाहन म्हणजे ‘चाकांवर चालणारे कोणतेही साधन’ ही व्याख्या शुक्रवारीच मी स्वतः टाइप केली होती. वॉचमन चुकत नव्हता.

“चल घरी,” नवरा म्हणाला.

मला दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली. सोमवारी मी मसुद्यात एक ओळ घातली: व्हीलचेअर हे वाहन समजले जाणार नाही. साहेबांनी ती लाल पेनने खोडली.

“ही तांत्रिक दुरुस्ती कशी?”

“सर, याच नियमांत उद्यान सर्वांसाठी खुलं आहे असंही कलम आहे. दोन कलमं एकमेकांना छेद देतात. ती जुळवणं आपलंच काम आहे.”

“वर गेल्यावर प्रश्न विचारतील.”

“मी उत्तर देईन.”

दोन्ही कलमं शेजारी शेजारी मांडून मी टिपणी लिहिली आणि ओळ पुन्हा घातली. साहेबांनी ती दोनदा वाचली, नकारार्थी मान हलवली, पण सही केली. विधी शाखेतून फाइल परत आली: बाबागाडीचं काय? हे मला सुचलंच नव्हतं. बाबागाडी घातली, कुबड्यांऐवजी वापरतात तो चाकांचा वॉकरही घातला आणि फाइल स्वतः नेऊन दिली. पुढे दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊन विचारायची. तिथला कारकून मला लांबूनच ओळखायला लागला.

दुरुस्ती राजपत्रात छापून आली त्या संध्याकाळी मी तिची प्रत शेजारणीकडे नेली. नवऱ्याने ती ओळ बोट ठेवून वाचली.

“हे तुम्ही लिहिलं?”

“एवढंच.”

त्याने प्रतीची नीट घडी घातली. मग बायकोला म्हणाला, “उद्या सकाळी लवकर निघू. ऊन व्हायच्या आत.”

वॉचमनला प्रत दाखवली. त्याने ती वाचून फाटक पूर्ण उघडलं. आतल्या पायवाटेवर बारीक खडी होती, चाकं रुतायची. आम्ही दोघी ढकलून घामाघूम झालो. कडुलिंबाखाली तो थांबा म्हणाला आणि समोर झोके घेणाऱ्या मुलांकडे बघत बसला.

“ताई, या खडीचं काही करता येईल का?” त्याने विचारलं.

“ते माझ्या शाखेत येत नाही,” मी म्हणाले. कुणाच्या शाखेत येतं, ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचताच शोधायला लागले.