झिंग्याच्या टरफलाची पिशवी

आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शेजारणीनं कढी पाठवली तर तिच्या पातेल्यात निदान चिमूटभर साखर घालून ते परत जायचं. मी शेतातल्या शेडवर राहायला गेले, तेव्हापासून आईनं मला एकदाही डब्यात जेवण पाठवलं नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं आमच्याच दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून यायचं. पिशवी परत द्यावी लागत नाही, म्हणून.

आणि थट्टा बघा, मी त्या शेडवर प्लॅस्टिकच्या जागी वापरायच्या पिशव्याच बनवत होते!

आम्ही घाटनांदूरचे लिंगायत वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा येत नाही. मी मात्र रसायनशास्त्र शिकले आणि नोकरी धरली कोकणात, मासळीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. तिथं कोळंबी, म्हणजे आमच्याकडचे झिंगे, सोलून परदेशी जातात आणि टरफलांचे ढीग मागं कुजत पडतात. त्या टरफलांतून एक पांढरा पदार्थ निघतो. तो आंबट पाण्यात विरघळवून काचेवर पसरला की वाळून पातळ पापुद्रा होतो, पापुद्र्याची पिशवी होते, आणि ती मातीत पुरली की सडून जाते. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून मी परत आले. वाळलेल्या टरफलांची पोती मागवली आणि शेडात हेच काम मांडलं. आईला सोबत व्हावी म्हणून आलेली मी, आणि आईनंच मला उंबऱ्यावर अडवलं.

"वास यायलाय तुझ्या अंगाला. आत देव हायेत."

"आंघोळ करून येते ना."

"वास जाईल गं. तो कशाचा हाय ते मला ठावं हाय, ते कुठं जाईल?"

मी तरी काय कमी! तणतणत शेडवर खाट टाकली. वाटलं, चार दिवसांत बोलावणं येईल. कसलं काय.

"वाण्याची पोरगी झिंगे सोलायली," हे गावभर झालं. बाजारात ओळखीच्या बायका बोलायच्या, पण जरा मागं सरकून. चुलते शेताकडं जाताना माझ्या जेवणाची पिशवी बांधावरच्या बाभळीला अडकवायचे, गाडीचा हॉर्न वाजवायचे आणि निघायचे.

"काका, घोटभर चहा तरी घ्या."

"लई काम हाय बाई."

कसलं काम! पुढं पारावर गप्पा छाटत बसलेले दिसायचे.

एकटं जेवायची सवय होते म्हणतात. साफ खोटं आहे. मला नाही झाली. घास गिळायला कुणाचा तरी आवाज लागतो. मी पापुद्र्यांशीच बोलायला लागले. "आज तरी नीट वाळा, मेल्यांनो." उन्हाळ्यात ते पापडासारखे कडकड मोडायचे. ग्लिसरीन वाढवलं तर हाताला चिकटायचे. पावसाळा सरता सरता एक दिवस काचेवरून अख्खा पापुद्रा अलगद सुटून आला, आरपार दिसणारा, मऊ. त्याची पिशवी केली. हातात धरून शेडाबाहेर आले, तर दाखवायला समोर कुणी नाही. बांधावर एक म्हैस तेवढी चरत होती.

मग त्या पिशवीत साखर भरली आणि चुलत्यांना दिली. "आईला म्हणावं, रिकामं देऊ नये म्हणून पाठवलीय." त्यांनी ती दोन बोटांत धरून नेली.

निरोप नाही, काही नाही. वाटलं, उकिरड्यावर गेली असणार. दिवाळीचा फराळही प्लॅस्टिकच्या पिशवीतच आला, चकल्यांचा चुरा झालेला. त्या दिवशी मी आईवर मनापासून चिडले, आणि तोच चुरा चमच्यानं खात बसले.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी आई शेतात आली. शेडाकडं नाही, वडिलांकडं. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. वडिलांची समाधी शेताच्या कडेलाच आहे. तिच्या हातात खुरपं होतं आणि ती समाधीशेजारी उकरत होती. मी जवळ गेले, पण सवयीनं चार हात लांब थांबले.

"काय शोधायलीस?"

"तुझी पिशवी. इथं पुरलती. अजून हाय का बघावं म्हटलं."

"आणि साखर?"

"मुंग्यांला घातली. पिशवी घरात घेता येईना, आन् लेकीनं दिलेली फेकू कशी? म्हणून यांच्याजवळ ठेवली."

तिनं माती बोटांनी चाळली. ढेकळं फोडून पाहिली. पिशवीचा मागमूस नव्हता. मग तिनं समाधीकडं पाहिलं.

"मातीतच गेलं की गं," ती म्हणाली. "म्हंजी आपल्यासारखंच."

मला रडू फुटलं. तिनं हात झटकले आणि घराकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी बाभळीला स्टीलचा डबा लटकत होता. झाकणावर वडिलांचं नाव कोरलेला, त्यांचा दुकानातला डबा. मी जेवले, तो घासून लख्ख केला, त्यात साखर घातली आणि या वेळी स्वतःच घेऊन घरी गेले. आईनं डबा माझ्या हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेर ओट्यावर माझ्यासाठी ताट मांडलं.

"आत येऊ?" मी विचारलं.

"आत देव हायेत," ती म्हणाली. आणि आपलं ताट घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, माझ्यासमोर येऊन बसली.