देवीच्या चुलीपाशी सोमी

पाळी गेली तेव्हा सोमीला सुटल्यासारखं झालं. अंगातून वाफा यायच्या, गुडघे कुरकुरायचे, तरी बाई खूश होती. खालापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत गावदेवीचा नैवेद्य रांधायचा मान पाळी गेलेल्या बाईलाच मिळतो. पस्तीस वर्षं महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसवलेली बाई एकदम देवीच्या चुलीपाशी जाऊन बसली. नवरा चांगो देवीचा भगत. एरवी तो तिला कशात विचारायचा नाही, पण जत्रेच्या दिवशी तिला विचारल्याशिवाय नारळ फोडत नसे. हे सुख काय थोडं झालं?

तीन वर्षं अशी गेली. चौथ्या वर्षी, जत्रा आठ दिवसांवर आलेली असताना, लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला.

सोमीने लुगडं ओढ्यावर धुतलं आणि तोंड शिवून घेतलं. बोलली असती तर मान गेला असताच, वर वाडीत कुणाची शेळी मेली, कुणाचं पोर तापलं, सगळं तिच्याच माथी मारलं गेलं असतं. लोक त्यात फार तरबेज. पण गप्प बसून जीव थाऱ्यावर राहीना. तिच्याआधी ही चूल धोंडूबाईकडे होती. धोंडूबाईलाही असंच झालं, तिनेही मानापायी वर्षभर लपवलं. शेवटी तिची लुगडी सोमीच धूत होती. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

न राहवून जत्रेच्या आदल्या दिवशी तिने वाडीच्या आशा कार्यकर्तीला, नंदाला, कानात सांगितलं. नंदा दुसऱ्या दिवशी सकाळीच चुलीपाशी हजर.

"काकी, टेंपो खाली उभा हाय. दवाखान्यात बाई डॉक्टर आज आल्यात. परत येतील पंधरा दिसांनी."

"वडे तळून येते."

"तवर दुपार व्हईल. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर थांबायचं नसतं, काकी. काय नसंल तर बरंच हाय. पन बघाया नको?"

तेल तापलं होतं. शेजारी तिची जाऊ ठकी पीठ मळत होती. सोमीहून दहा वर्षांनी मोठी, पण कायम मदतीलाच. दारात ढोलवाले खोळंबले होते.

"सोमे, आटप गं!" चांगो ओरडला.

सोमीने पिठाचा गोळा उचलला. वडा थापता येईना. तिला मरायची भीती वाटत होती आणि दारातल्या माणसांचीही तेवढीच. ती उठली.

"माझ्या अंगावरून परत जातंय. आठ दिस झालं. धोंडूबाईवानी मला मरायचं नाय."

ढोलवाल्यांनी माना वळवल्या. चांगोचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"आनि तू देवीच्या चुलीपाशी बसलीस?"

सोमीने मान खाली घातली, पण पाऊल मागे घेतलं नाही. चांगो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ठके, तू बस. वडे तळ."

ठकी जागची हलली नाही. पिठाचा हात तसाच हवेत.

"मी पन नाय बसत," ती म्हणाली. मग सोमीकडे वळून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मला होळीपासनं जातंय गं."

नंदाने दोघींना हात धुवायलाही वेळ दिला नाही.