कोपरा फाटलेलं कार्ड

कमलमावशी गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग... मी ऑफिसातच रडायला लागले. फोटोखालचा मजकूर वाचलाच नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "अगं, बारा वाजता नेणार आहेत." बाराला वीस मिनिटं कमी होती. रिक्षात बसले तेव्हा मावशी कानात ओरडल्यासारखी वाटली, "आधी वाच, मग रड!"

हे तिचं पेटंट वाक्य. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं तिने. प्रश्नपत्रिका हातात पडताच रडणारी पोरं असतात ना, त्यांना ती हेच सांगायची. आम्हा भाचरांनाही कशावरूनही ऐकवायची. आम्ही तिच्या पाठीमागे नक्कल करायचो. ते वाक्य कुठून आलं हे मात्र चार वर्षांपूर्वी कळलं, मखमलाबादच्या मळ्यातला आजोळचा जुना गोठा पाडला तेव्हा. वाशाला तारेने बांधलेली पत्र्याची डबी निघाली. डबीत एकच पोस्टकार्ड होतं, पिवळं पडलेलं, वरचा उजवा कोपरा फाटलेला.

आजच्या वाचकांना सांगायला हवं. पूर्वी मृत्यूची बातमी कळवताना कार्डाचा कोपरा फाडत. असं कार्ड घरात आणायचं नाही, दारातच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. मावशी तिसरीत असताना असं कार्ड मळ्यात आलं होतं. पोस्टमन ते हौदाच्या कठड्यावर ठेवून न वाचताच निघून गेला. आजीला वाचता येत नव्हतं, पण फाटलेला कोपरा दिसत होता. घोटीकडे राहणारा तिचा एकुलता भाऊ, रामामामा, तापाने आजारी असल्याचं कानावर होतंच. आजीने तिथेच हंबरडा फोडला. आजोबांचं आणि मामाचं आधीपासून वाकडं. ते म्हणाले, झालं ते झालं. शाळेतून आलेली मावशी कार्डाकडे धावली, तर आजी ओरडली, "शिवू नको! मामा गेला तुझा." आजीला ते कार्ड फाडवेना आणि घरातही नेता येईना, म्हणून तिने ते गोठ्यात ठेवलं. त्यात काय असणार ते सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणून कुणी ते वाचलंच नाही. आजी मरेपर्यंत भावासाठी रडत राहिली, आणि न वाचताच रडणारी आई मावशीच्या मनात सलत राहिली; ते वाक्य तिथून आलं.

पाडलेल्या गोठ्यासमोर उभं राहून मावशीने ते पहिल्यांदा वाचलं. मी शेजारी होते. मामाने लिहिलं होतं, ताप उतरला, रेल्वेच्या गँगमध्ये कामावर जाऊ लागलो, दाजींनी झालं गेलं विसरावं, भाऊबीजेला ताईने जरूर यावं. आणि तळाशी बारीक अक्षरात, 'ता. क. कोपरा पोरीने फाडला. घरात दुसरे कार्ड नाही. घाबरू नये.'

मावशी हौदाच्या कठड्यावर बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "तिसरीत होते मी. घडाघडा वाचायचे. आई ओरडली आणि मी मागे सरले... तेव्हा हट्ट करायला हवा होता." मग पदर खोचून उठली. "तेव्हा नाही केला, आता करते. मामाच्या घरी हे वाचून दाखवल्याशिवाय मी मरणार नाही."

ही अतिशयोक्ती नव्हती. वय चौऱ्याहत्तर, हृदयाच्या गोळ्या चालू, आणि गावाचं नाव नेमकं फाटलेल्या कोपऱ्यात गेलेलं! शिक्क्यावर 'घोटी' तेवढं लागत होतं. मी म्हटलं, फेसबुकवर टाकू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन पर्समध्ये टाकला. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणून ती घोटी-इगतपुरी भागातल्या एकेका शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहू लागली. "मास्तर माणूस कार्डाला उत्तर देतो," हा तिचा विश्वास. बहुतेकांनी तो खोटा ठरवला. उत्तर आलं नाही की त्याच शाळेला ती दुसरं कार्ड टाकायची, अक्षर आणखी मोठं काढून. दीड वर्ष हे चाललं. शेवटी एका आडगावच्या गुरुजींनी कळवलं, रामाची मुलगी हौसाबाई इथेच आहे.

आम्ही एसटीने गेलो. पुढे भाताच्या खाचरांच्या बांधावरून मावशी माझा हात झटकत पुढे चालत होती. हौसाबाई भात पाखडत होती. कोण, कुठून आलो ते कळल्यावरही तिने सूप खाली ठेवलं नाही.

"आता कशाला आल्या? दादा मरस्तोवर दर भाऊबीजेला वाट बघायचा. म्हनायचा, बहिनीनं तोडलं मला." वडिलांना ती दादा म्हणायची.

"मी माफी मागायला आले नाही, हौसा," मावशी म्हणाली. "वाचून दाखवायला आलेय."

आणि उभ्या उभ्याच तिने ते वाचलं, वर्गात वाचावं तसं, खणखणीत. ता. क. मात्र तिने हळू, एकेक शब्द सुटा करून वाचला. सूप हौसाबाईच्या हातून सुटलं. "पोरीनं... म्हंजी म्याच की वो! लय धपाटे खाल्ले मी त्या कोपऱ्यापायी." मग दोघी बहिणी ओट्यावर बसून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू. निघताना मावशीने कार्ड हौसाबाईच्या हातात ठेवलं. "तुझ्या बापाचं आहे. आता घरात ठेव." त्यानंतर दर महिन्याला मावशीचं एक कार्ड तिकडे जायचं. हौसामावशीला वाचता येत नव्हतं, तिची नात वाचून दाखवायची.

मावशी गेली त्या दिवशी हौसामावशीच्या घरचा फोन काही केल्या लागेना. मावशीच्या खणातून मी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहायला बसले. घरातली मोठी माणसं म्हणाली, कोपरा फाड. मी म्हटलं, नाही फाडणार. अपशकुन होईल असं सगळे म्हणाले, तरी मी कार्ड उचलून थेट टपालपेटीत टाकून आले.

दशक्रियेच्या सकाळी रामकुंडावर हौसामावशी नातीचा हात धरून आली. दुसऱ्या हातात माझं कार्ड होतं.

"धड कार्ड आलं. पन नातीला म्हनलं, आधी वाच बाई," ती म्हणाली. "तिनं वाचलं. मंग रडले."

जवळच्या कुणीतरी तिला समजावलं, अशी पत्रं ठेवत नसतात, इथेच पाण्यात सोडा.

"नाय सोडनार." तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची घडी केली आणि ती कमरेच्या पिशवीत खोचली. "घरात ठिवनार हाय. दादाच्या कार्डाशेजारी."